नानाशेठच्या बायकोच्या नावाने

जळगावात आमच्या घरासमोर कापसाच्या एका जिनवाल्या शेठचे घर होते. सगळे त्याला नाना म्हणत. त्याची बायको दुपारी माझ्याजवळ डाळ निवडायला यायची. तिने एकदा स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूने केळीची बाग काढली, वर पोपट बसवले. दुसऱ्या दिवशी नानाने माणूस बोलावून भिंतीला चुना मारून घेतला. "घर आहे की तमाशाचा तंबू?" हे त्याचे बोलणे मला माझ्या ओट्यावर ऐकू आले.

ती वारली आणि नानाला कळले की तिला कलेची फार आवड होती. तेराव्याला एका वकिलाने तसे भाषण केले, नानाने डोळ्यांना उपरणे लावले आणि शिष्यवृत्ती जाहीर केली. गाणे, चित्र, हस्तकला येणाऱ्या बाईने प्राथमिक शिक्षिका व्हावे, धुळ्याच्या ट्रेनिंगचा खर्च नाना देणार. डोळे तर कोरडे होते.

तरी मी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला बोलावून घेतले. तिचा नवरा पटकीने गेलेला, मूलबाळ नाही. धुळ्याकडच्या खेड्यात दिराच्या घरी दळण आणि शेणगोठा करत होती. पण मराठी सातवी पास होती. मास्तरीण झाली असती तर तिची स्वतःची खोली, स्वतःची चूल झाली असती. एवढेच तिला हवे होते.

नानाच्या बैठकीत परीक्षा झाली. बायकोचा मोठा फोटो, त्याखाली नाना, तो वकील आणि एक पेन्शनर हेडमास्तर. मी दाराशी पदर ओढून बसले होते. अक्काने फळ्यावर खडूने पोळ्याची बैलजोडी काढली. मग गुलाबाईच्या गाण्याच्या चालीवर दोनचा पाढा म्हटला. हेडमास्तरांचा पाय आपोआप ताल धरू लागला.

नाना म्हणाला, "हात चांगला आहे हो. पण बाई, कपाळ?"

"मालक गेले, नाना."

"मग पुण्यतिथीला फोटोला हळदकुंकू कोण वाहणार? आमची अट आहे. आमची ही सवाष्ण गेली."

"शाळेत पोरांना पाढेच शिकवायचे ना, नाना?"

"ते खरं. पण रीत असते."

वकील छताकडे पाहत राहिला. हेडमास्तर धोतराच्या सोग्याने चष्मा पुसू लागले. त्यांनी तो इतका वेळ पुसला की मला त्यांचीच किळस आली. नाना मोठ्या मनाने पुढे म्हणाला, "असं कर. पुण्यतिथीला पहाटे येऊन फोटोपुढे रांगोळी काढून जात जा. पाहुणे यायच्या आत."

म्हणजे अक्काच्या बोटांचा विटाळ नव्हता, फक्त ती दिसायला नको होती. ती हाताचा खडू झटकून उठली.

शिष्यवृत्ती नानाच्या पुतण्याच्या मेहुणीला मिळाली. तिचा मोर कोंबडीसारखा दिसत होता, पण कुंकू तिने झोकात लावले. ट्रेनिंग संपायच्या आत तिचे लग्न झाले. भुसावळच्या तिच्या रेल्वेबाबूला नोकरी करणारी बायको नको होती. नाना तरीही चारचौघांत सांगत फिरे, आमच्या हिच्या नावाने एक मास्तरीण घडवली.

अक्का दिराकडे परत गेली. वर्षाने ती माझ्याकडे आलेली असताना पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी नानाचा गडी दारात आला. म्हणाला, "अक्का, नानानी रांगोळीले बलायेल शे." ती तेव्हा तांदूळ पाखडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली, "नानाले सांग, भिंतले चुना लावता येस, तर रांगोळी का जड शे?"

गडी तोंड दाबून हसत गेला. निरोप त्याने पोचवला असावा, कारण सकाळी मी ओट्यावरून पाहिले तेव्हा फोटोला हार होता, ठसठशीत कुंकू होते, आणि पुढची फरशी कोरी होती.