पेनड्राईव्ह दिसून नाही राहिला

पांढुर्ण्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कामासाठी पार सौसरपर्यंत फिरतो. निम्मे फोन एकाच तक्रारीचे असतात: "भाऊ, पेनड्राईव्ह दिसून नाही राहिला." बिघाड निघून जातो, पण तिथं जे पाहिलं ते डोक्यातून निघत नाही. चहावर एक गोष्ट सांगायला घेतली की मागून चार येतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर सौसरच्या एका गुरुजींनी बोलावलं. पेनड्राईव्ह अर्धाच आत जायचा. टॉर्च मारला तर यूएसबीची खाच मातीनं लिंपलेली. कुंभारीण माशीनं घर केलं होतं. माती कोरली, तशी आतून एक हिरवी अळी टेबलावर पडली.

गुरुजी दोन पावलं मागं सरले. "म्हणजे सकाळपासून मी हिलेच दाबून राहिलो होतो?"

त्या दिवशी त्यांनी पेनड्राईव्हला हात लावला नाही.

लोधीखेड्याच्या एका ताईंना मी फोनवर सगळं विचारलं. शेवटी म्हटलं, "नीट बसला ना?"

"एकदम फिट बसला, भाऊ."

उन्हातान्हात गेलो. पेनड्राईव्ह इंटरनेटच्या वायरच्या खाचेत होता!

"बसला म्हणजे त्याचीच जागा असंन," ताई शांतपणे म्हणाल्या.

मी काढून पुन्हा लावून पाहिला. खरंच फिट बसत होता. इतकी वर्षं या धंद्यात आहे, मला माहीत नव्हतं.

पांढुर्ण्यातच एका संत्र्याच्या व्यापाऱ्याकडं पेनड्राईव्ह दिसायचा आणि लगेच गायब व्हायचा. कॅबिनेटला हात लावला आणि कोपरापर्यंत झटका बसला. अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती. तिथले हिशोब लिहिणारे बाबू दोन्ही पाय संत्र्याच्या लाकडी खोक्यावर ठेवून आरामात बसले होते.

"तुम्हाले करंट नाही लागत?"

"लागते ना. म्हणून तर खोका आहे. माह्या आधीच्या बाबूनंच ठेवला होता."

मी आधी मेन स्विच बंद केला, मग पाणी मागितलं.

पण बोरगावचं ऑफिस मी विसरत नाही. कापसाचा व्यापार, घराच्या ओसरीतच ऑफिस. समोरासमोर दोघंच बसायचे, मालक आणि त्यांचे जावई. हिशोब जावई पाहायचे. त्यांनी दोन पेनड्राईव्ह बदलून पाहिले होते. मी सेटिंग उघडलं आणि काही विचार न करता बोलून गेलो, "बिघाड नाही. कोणीतरी मुद्दाम बंद करून ठेवलं. चालू कराले पासवर्ड लागते."

जावयांनी सासऱ्यांकडं पाहिलं. जावयांचा चेहरा पार उतरला होता.

"मामाजी, माह्यावर भरवसा नव्हता तर तोंडावर सांगायचं होतं."

मालकांच्या हातातला पेपर खाली आला. "जावईबापू, मले तर हे चालूसुद्धा करता येत नाही."

मला पळून जावंसं वाटत होतं. तेवढ्यात मालकांची मुलगी, म्हणजे जावयांची बायको, चहा घेऊन आली. तिनं तिघांसमोर कप ठेवले, पदराला हात पुसले आणि कीबोर्ड स्वतःकडं ओढला.

"तुम्ही चहा घ्या, भाऊ. पासवर्ड मी टाकते."