विहीणबाईंच्या बासुंदीत माझा दात

माझ्या तोंडातल्या एकाच दातावर मी जिवापाड प्रेम केलं, आणि तो विकतचा होता.

डावी दाढ काढल्यावर ती जागा मी बरीच वर्षं रिकामीच ठेवली. शेवटी सानपाड्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, जबड्याचं हाड झिजलंय. आधी हाड भरू, ते धरलं की मग इम्प्लांट."

"हाड कुणाचं?" आमच्या सौ. सुनीताबाई किंचाळल्या. (आमच्याकडे चतुर्थीला अंड्याचं नावसुद्धा काढत नाहीत!)

"पावडर येते काकू, टेन्शन नका घेऊ."

हाड धरलं, स्क्रू बसला, वर दात चढला. त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. मी त्याला जावयासारखं जपलं. त्याच्यासाठी वेगळा ब्रश! महापेच्या ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, जो सापडेल त्याला 'आ' करून दाखवला. (शेजारचे जोशी मला बघितलं की जिन्याने जायचे.)

मग आमच्या लेकीचा, ऋचाचा साखरपुडा आला. पंगतीत मुलाचे मामा म्हणाले, "इम्प्लांट काय टिकत नाय हो. आमच्या साडूंचा वर्षात हातात आला."

झालं! माझ्या इज्जतीचा प्रश्न!

"आणा ती चिक्की!" मी गरजलो.

सुनीताने टेबलाखालून चिमटा काढला, तोवर अख्खी वडी तोंडात गेली होती. कट्ट! मी विजयी मुद्रेने मामांकडे बघून हसलो, आणि तोंडातून काहीतरी पांढरं उडून थेट विहीणबाईंच्या वाटीत पडलं.

"अगबाई, केवढी ही चारोळी!" म्हणत त्यांनी चमचा उचलला.

"थांबा! ती माझी आहे!" मी ओरडलो.

मामा ताडकन उठले. "अहो, बासुंदी परत मागताय? चल रे, मोडलं लग्न!"

ऋचाचे डोळे भरून आले. आता लपवून उपयोग नव्हता. "दात आहे हो तो... माझा," मी पुटपुटलो.

चमचा खाली पडला. मग जावईबापू फिस्सकन हसले, ऋचा हसली, आणि विहीणबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "लग्न होऊ द्या. फक्त जेवायला मला ह्यांच्यापासून लांब बसवा!"

लग्न वाचलं, पण मी सुतकात. भीतीने तोंडात कुठेच जीभ फिरवली नाही, आरसाही टाळला. दुसऱ्या दिवशी दात रुमालात गुंडाळून सुनीतासोबत दवाखाना गाठला. मॅडमनी एक्स-रे काढला.

"काका, इम्प्लांट एकदम मस्त! हाड घट्ट आहे. पडलाय तो उजवीकडचा, तुमचा स्वतःचा. पार किडून पोकळ झाला होता. बाकीच्या दातांनी काय घोडं मारलं होतं? ते कधी घासत होता का?"

"म्हणजे डॉक्टर," सुनीता शांतपणे म्हणाली, "ह्यांचं स्वतःचं ते सगळं पोकळ, आणि तुम्ही बसवलंत तेवढंच पक्कं, असंच ना?"

घरी गेल्यावर मी बाकीच्या दातांचा ब्रश शोधून काढला. (कोरा करकरीत निघाला!)