उत्तराचा रकाना

धुलाईच्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत. दवाखान्यांच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, खानावळींचे टेबलक्लॉथ असं मळकं कापड गाड्यांनी यायचं आणि धुऊन, इस्त्री होऊन, गठ्ठे बांधून परत जायचं. कुठली गाडी कुठे पाठवायची, हे ऑफिसात बसून ठरवायची ती. नवरा तिथेच गाडीवर होता, त्याच्या नात्यानं ती वहिनी झाली, आणि कारखान्यात एकदा चिकटलेलं नाव कापडावरच्या जास्तीच्या निळीसारखं सहजी निघत नाही. वयानं मोठे असलेले मालकही तिला वहिनीच म्हणायचे.

नवऱ्याला म्हणायचे रेडिओ. का, ते त्याच्या शेजारी थोडा वेळ बसलेल्या कुणालाही विचारा. बंद करायचं बटण देवानं त्याला दिलंच नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या दारावर कपडे मोजून घेणाऱ्या बाईंची सून केव्हा बाळंत होणार, हॉटेलातल्या आचाऱ्याचं कुणाशी वाजलंय, सगळं त्याला ठाऊक. साहजिकच गाडी उशिरा यायची, आणि वहिनी फोन लावायची.

"अहो, कुठे आहात?"

"पुलावर. चहाचे दोन घोट घेतो की निघालोच."

"कालही हेच म्हणालात."

"मग, कालही निघालोच होतो की."

ती रागावून फोन ठेवायची आणि हसू लपवायला खिडकीकडे बघायची. संसारातलं अर्धं बोलणं त्यांचं असं कामाच्या फोनवर झालं. घरी दोघंही दमलेली असत. म्हणजे ती दमलेली असे, तो बोलत असे.

मग मालक कुठलंसं यंत्रांचं प्रदर्शन बघून आले आणि कारखान्यात सिस्टीम आली. नव्याची नवलाई होती. प्रत्येक गाडीत एक डबी बसली आणि वहिनीच्या टेबलावर मोठा पडदा. पडद्यावर शहराचा नकाशा, नकाशावर ठिपके, ठिपक्याशेजारी ड्रायव्हरचं नाव. गाडी चालू असली किंवा गिऱ्हाइकाच्या दारात उभी असली की ठिपका हिरवा. भलत्याच ठिकाणी थांबली की लाल. लाल झाला की वहिनीनं एक बटण दाबायचं; गाडीतल्या डबीवर अक्षरं उमटायची : गाडी विनाकारण उभी आहे, ताबडतोब निघा. फोनबिन बंद. ड्रायव्हरांनी आपापले मोबाइल कामाच्या वेळात ऑफिसच्या कपाटात ठेवायचे. सगळं बोलणं सिस्टीममधून, म्हणजे त्याची नोंद राहते, असं मालक म्हणाले. नोंद राहिली, बघायची कुणी, ते मात्र ठरलं नाही.

सिस्टीम बसवणाऱ्या माणसानं ड्रायव्हरांना अंगणात शिकवलं आणि वहिनीला ऑफिसात. अंगणात काय शिकवलं ते ऑफिसात कुणी सांगितलं नाही, आणि ऑफिसातलं अंगणात पोचलं नाही. मालकांनी घेतला होता स्वस्तातला संच. त्यात काय आहे आणि काय नाही, हे विचारायला त्यांना सवड नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पहिल्याच दिवशी मालकांनी तिला विचारलं होतं, "वहिनी, घरच्या माणसाला सूचना पाठवाल ना?"

"त्यांना आधी पाठवीन," ती म्हणाली. आणि तसंच केलं. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये म्हणून इतरांना थोडी सूट द्यायची, पण पुलावरचा तो एक ठिपका लाल झाला रे झाला की बटण दाबायची.

संध्याकाळी घरी भांडण ठरलेलं.

"एवढी बडबड करता, मग माझ्या सूचनेला एकदा तरी उत्तर द्यावं माणसानं."

"दिलं की. दर वेळी देतो. डबीवर बटणं आहेत त्याला."

"माझ्या पडद्यावर तर काही दिसत नाही."

"तुझं लक्ष नसेल."

तिला वाटायचं, हा थापा मारतोय. त्याला वाटायचं, ही मुद्दाम ताणतेय. थट्टेखोर माणसाची हीच पंचाईत असते, त्याचं खरंही कुणाला खरं वाटत नाही. बाकीचे ड्रायव्हर उत्तराच्या बटणांच्या वाटेला फारसे जातच नसत, म्हणून त्यांच्याकडूनही काही कळलं नाही.

त्या दिवशी सकाळी हे भांडण जरा जास्तच चिघळलं. डबा हातात देताना ती म्हणाली, "खोटंच बोलायचं असेल तर माझ्याशी बोलूच नका." त्यानं डबा घेतला, चपला घातल्या आणि गेला. रेडिओ बंद पडलेला तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि खरं सांगायचं तर तिला थोडी गंमतही वाटली. संध्याकाळपर्यंत येईल ताळ्यावर, असं मनाशी म्हणत ती कामाला लागली.

दुपारी पुलावर ठिपका लाल झाला. तिनं बटण दाबलं. ठिपका हलला नाही. राग धरून बसलाय, तिला वाटलं. तिनं पुन्हा दाबलं. बऱ्याच वेळानं ठिपका सरकायला लागला, अगदी हळू, मध्येच थांबत, आणि शेवटी दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. गिऱ्हाइकाचं दार. ठिपका हिरवा झाला. वहिनीनं सुटकेचा निःश्वास सोडला आणि आपला चहा प्यायला घेतला.

चहा संपत आला होता तेव्हा ऑफिसचा जुना फोन वाजला. मागच्या दारावरच्या बाई होत्या.

"वहिनी, रेडिओ बोलत नाहीये हो."

तिनं पडद्याकडे पाहिलं. ठिपका हिरवाच होता.

छाती दुखायला लागल्यावर तो पुलावर थांबला असणार, असं डॉक्टर म्हणाले. मग गाडी हाकत दवाखान्यापर्यंत आला आणि रोजच्या सवयीनं मागच्या दाराला लागला. पुढच्या दारानं आला असता तर, असं कुणीतरी बोलून गेलं आणि जीभ चावली. लोकांनी समजूत घातली, मालकांनी खर्च केला, धाकट्या नणंदेनं येऊन महिनाभर घर सांभाळलं. वहिनी कामावर परत आली, कारण घरात शांतता असह्य होती. गाडीत तीच डबी राहिली, फक्त ठिपक्याशेजारी दुसऱ्या माणसाचं नाव आलं.

आपण बटण दाबलं याचं दुःख होतंच. पण त्याहून खोल काटा दुसराच होता, आणि तो तिनं एकट्या नणंदेला दाखवला. "जन्मभर बोलला गं हा माणूस. दगडाला बोलतं करायचा. आणि जाताना मला एक शब्द नाही. मी बोलू नका म्हणाले, तर खरंच बोलला नाही. माझ्यावर रागावून गेला." नणंद म्हणाली, "तो कुणावर रागावला होता का कधी?" पण समजुतीनं असला काटा निघत नाही. रात्री कूस बदलली की तो टोचायचाच.

वर्ष उलटलं. मालकांनी सिस्टीमचा मोठा संच घेतला. बसवणारा तोच माणूस आला, गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राचा पट्टा. जुनी सगळी नोंद नव्यात आणायला त्याला अख्खी सकाळ लागली. मग त्यानं वहिनीला खुर्चीत बसवलं आणि कौतुकानं पडदा दाखवला.

"हा बघा, आता उत्तराचा रकानाही आला. ड्रायव्हरनं कुठलं बटण दाबलं ते इथे दिसेल. निघालो, वाहतुकीत अडकलो, मदत हवी. तिन्ही बटणं डबीवर पहिल्यापासून होती, उत्तरं साठतही होती. तुमच्या जुन्या संचात फक्त दाखवायची सोय नव्हती."

 वहिनीनं नवऱ्याचं नाव टाकलं.

पडदा भरून गेला. तिच्या प्रत्येक सूचनेपुढे त्याचं उत्तर होतं. निघालो. निघालो. निघालो. ती खाली खाली जात राहिली आणि तो प्रत्येक ओळीत तिला सांगत राहिला, निघालो. एकही सूचना त्यानं रिकामी सोडली नव्हती. तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू आलं आणि डोळे वाहायला लागले.

"अहो," ती पडद्याला म्हणाली, "खरं बोलत होतात."

मग शेवटच्या दोन ओळी आल्या. त्या दुपारच्या. पहिल्या सूचनेपुढे : मदत हवी. दुसऱ्या सूचनेपुढे : मदत हवी.

बसवणारा माणूस मागे उभा होता. त्यानं वाचलं, पण कुणाचं नाव आहे हे त्याला माहीत नव्हतं. "या जुन्या नोंदी लाल दिसतील," तो म्हणाला. "समोर बटण आहे, 'दखल घेतली'. ते दाबलं की निघून जातील. दाबू का सगळी एकदम?"

"नको," वहिनी म्हणाली. "मी बघते."

त्यानंतर तिनं इतरांच्या नोंदी निपटल्या. नवऱ्याच्या सगळ्या 'निघालो'पुढेही एकेक करून दखल घेतली, अगदी सावकाश, प्रत्येक ओळ वाचून. दोन ओळी ठेवल्या. सकाळी पडदा उघडला की सगळ्यात वर त्या दोन लाल ओळी दिसत, आणि त्यांच्या खाली दिवसाचं काम सुरू होई.

काही दिवसांनी मालक ऑफिसात डोकावले. लांबून त्यांना नाव वाचता येत नव्हतं.

"वहिनी, हे वर लाल काय राहिलंय? काढून टाका की."

तिनं मान वळवली नाही.

"एका गाडीनं मदत मागितलीय, मालक," ती म्हणाली. "अजून कुणी गेलेलं नाही."