गुऱ्हाळावरची शाळा

बोरमाळवाडीच्या प्रयागबाईच्या तोंडाला लागायची गावात कुणाची छाती नव्हती. बाई वाईट नव्हे, पण एकदा मनात धरलं की सोडायची नाही. दिरानं एकदा तिचा बांध कोरला, तर त्याच्या घरच्या पाण्याचा थेंब तिनं पुढं कधी तोंडाला लावला नाही. त्याच्या पोरीच्या लग्नात उपाशी उभी राहिली, अक्षता टाकल्या, आणि घरी येऊन स्वतःची भाकरी खाल्ली. नवरा तरणाताठा गेलेला. पाटाच्या कडेला वांग्या-घेवड्याचा एक तुकडा, गुरुवारी बारामतीचा बाजार, आणि पदरात एकुलती सिंधू. ही सिंधू वाडीच्या शाळेत चौथीला होती. वाडीतली चौथीपर्यंत पोचलेली पहिली पोरगी! बाजारात माळव्याची पाटी उतरवताना ही गोष्ट प्रयागबाई ओळख ना पाळख अशा गिऱ्हाइकालाही ऐकवायची.

शाळेची खोली गावानं घाम गाळून बांधली होती. जागा मोहनरावांची. उसाचे मोठे बागायतदार, गावात त्यांचा शब्द म्हणजे शब्द. 'जागा माझी, खोली गावाची,' असं ते भर चावडीत म्हणाले होते, पण बोलणं ते बोलणंच, कागद कुणी केला नव्हता. बायांनी डोक्यावर चिखलाच्या पाट्या वाहिल्या. प्रयागबाईनं त्या पाट्यांपायी मानेत उसण भरून घेतली होती.

आणि त्या साली दिवाळीची सुट्टी संपवून पोरं शाळेत गेली, तर दाराला हे एवढं कुलूप! खिडकीतनं बघावं तर आत गुळाच्या ढेपांची आढ्यापर्यंत थप्पी. पेठेत गुळाचा भाव पडला होता. भाव चढेपर्यंत माल दाबून ठेवायचा म्हणून मोहनरावांनी शाळेचंच कोठार करून टाकलं होतं. मुंग्यांची रांग तेवढी उंबऱ्याखालनं आतबाहेर करत होती.

शाळेचे सरदार मास्तर म्हणजे देवमाणूस. आणि देवमाणसाचा असल्या वेळी काडीचा उपयोग नसतो. त्यांनी मोहनरावांना हात जोडले, 'बघू बघू' एवढं उत्तर घेतलं आणि पोरांना चिंचेखाली नेऊन बसवलं. तिथं गाड्यांची धूळ. मग मारुतीच्या पारावर, तर तिथं पत्तेवाले. मग एकाच्या गोठ्यात, तर चार दिवसांत म्हैस व्याली आणि शाळा बाहेर. धाकटी पोरं पार बावरून गेली. आज कुठं जायचं हेच त्यांना कळेना. 'क' गिरवायला लागलेली पोरं 'क' विसरली. मास्तरांची स्वतःची जरिना, पहिलीतली, ती तर सकाळी दप्तर बघितलं की रडायला लागायची. थोरल्यांच्या बापांनी म्हटलं, शाळा काय आता राहत नाही, चल पाचट काढायला. बघता बघता पोरं उसात पांगली.

मग शाळा तपासायला बोर्डाचे साहेब आले. गोठ्यासमोर उभे राहून नाकाला रुमाल लावत म्हणाले, "मास्तर, संक्रांतीनंतर मी परत येईन. शाळेला हक्काचं छप्पर आणि छपराखाली पोरं दिसली नाहीत, तर शाळा बंद. तुमची बदली दुसरीकडं."

त्या दिवशी सिंधू घरी येऊन जेवली नाही. एवढंच म्हणाली, "आये, माझी चौथी व्हत न्हाय आता."

प्रयागबाई उठली ती तडक मोहनरावांच्या वाड्यावर गेली. आजवर कुणाच्या पाया न पडलेली बाई, तिनं मोहनरावांच्या पायावर डोकं ठेवलं. "मालक, पोरांची खोली तेवढी मोकळी करा. माझ्या पोरीचं वरीस जातंय."

मोहनराव सोप्यात पान जुळवत बसले होते. त्यांनी पाय बाजूला घेतला, जसं आपण वाटेतल्या कुत्र्यापासून घेतो तसा. म्हणाले, "पोरगी शिकून काय मामलेदार व्हनार हाय? हे घे." आणि बाजूच्या ताटातला गुळाचा खडा तिच्या हातावर टेकवला. "पोरीला दे. शाळंपरीस ग्वाड लागंल."

सोप्यातली चार माणसं फिदीफिदी हसली. प्रयागबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खडा मुठीत धरून ती उठली. घरी आली, खडा दारातल्या शेळीपुढं टाकला आणि चुलीपुढं बसून राहिली. रडू येईना. त्या मोहनरावाला असाच्या असा चुलीत घालावा, एवढंच मनात येत होतं. 'थांब मेल्या, तुझी खोड न्हाय मोडली तर नावाची प्रयाग न्हाय,' असं ती जाळाला सांगत होती.

आता बघा, आपल्याकडं गुऱ्हाळाची एक रीत आहे. चरक चालू असला आणि चुलवाण पेटलेलं असलं, की तिथं येईल त्याला रस द्यायचा, काकवी द्यायची, काहिलीतला ताजा गूळ द्यायचा. वाटसरू असो, भिकारी असो, वैरी असो. गुऱ्हाळावरून माणूस रिकामा गेला तर गूळ बसत नाही म्हणतात. आणि मोहनरावांना तर या गोष्टीची भारी मिजास. 'माझ्या गुऱ्हाळावरनं कुनी उपाशी गेला असंल तर मिशा काढीन,' असं ते बारामतीच्या अडतीवर छाती ठोकून सांगायचे. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. प्रयागबाईलाही होतंच की!

दुसऱ्या दिवशी ती उसाच्या फडाफडांतून हिंडली. पाचटात बसलेल्या पोरांना हाका घातल्या, "ए, चला! शाळा गुऱ्हाळावर भरनार हाय. रस मिळतोय रस!" मास्तर घाबरले. "प्रयागबाई, हे बरं दिसेल का?" म्हणाले. ती म्हणाली, "मास्तर, तुमी निस्तं शिकवा. बरंवाईट माज्यावर सोडा."

आणि मोहनरावांच्या गुऱ्हाळावर, चिपाडाच्या गंजीच्या सावलीला, बोरमाळवाडीची शाळा भरली. प्रयागबाईनं चुलवाणातली राख आणून काहिलीपासून लांब एक रेघ ओढली. रेघेच्या आत जो पाय टाकील त्याची तंगडी मोडीन, असा दम भरला. मग गूळ शिजवणाऱ्या गुळव्या म्हस्कूकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "म्हस्कूदादा, पोरं आल्यात. मालकाची रीत हाय न्हवं?"  त्यानं रसाची घागर पुढं केली.

मोहनराव दुपारी आले, तर पोरांची ओळ रसाच्या मिशा लावून पाढे म्हणत होती. त्यांना वाटलं, एक दिवसाचं काम आहे. "प्या प्या, बाळांनो," असं हसून म्हणाले. दुसऱ्या दिवशी पोरं दुप्पट. तिसऱ्या दिवशी ज्यांनी जन्मात शाळेचं तोंड बघितलं नव्हतं, तीही पाटी घेऊन हजर! मोहनरावांचं हसू आटत गेलं. हाकलावं तर मिशा काढायची पाळी, आणि न हाकलावं तर रस घागरीघागरीनं चाललेला. बाई रोज निघताना मुद्दाम त्यांच्यापुढून जायची आणि म्हणायची, "मालक, पोरं लई दुवा देत्यात बघा तुमास्नी." घरी येऊन ती एकटीच हसायची. तिला झोपही छान लागायची.

पण नुसता सूड नव्हता हो. पोरं थाऱ्यावर आली. रोज तीच जागा, तीच गंज, तीच रेघ. जरिना रडायची थांबली. मास्तर काहिलीकडं बोट दाखवून शेर-मणाची गणितं घालायचे. धाकटी राखेत अक्षरं गिरवायची, चुकलं की हातानं पुसायची. सिंधू थोरल्यांची उजळणी घ्यायची. तरी संक्रांत जवळ येत होती, आणि खोलीचं कुलूप काही हलत नव्हतं. मोहनरावांचा हिशेब सरळ होता. साहेब येईल, छप्पर नाही म्हणेल, शाळा उठेल, कटकट मिटेल. रस गेला तर गेला.

तेवढ्यात इंदापूरकडचे पाहुणे यायचं ठरलं. मोहनरावांची लेक तानू, बापाची भाकरी घेऊन रोज गुऱ्हाळावर यायची ती, तेरा-चौदाची झाली होती. आपल्या नातवाशी तिच्या सोयरिकीची बोलणी करायला आबाजी नावाचे म्हातारे घरंदाज गृहस्थ गुऱ्हाळावरच रस प्यायला येणार होते. मोहनरावांनी आदल्या दिवशी म्हस्कूकरवी निरोप धाडला, "उद्या एक दिवस पोरं आनू नका." प्रयागबाई म्हणाली, "बरं." आणि सकाळी एकूण एक पोर अंगोळ घालून, भांग पाडून, पाहुण्यांच्या घोंगडीसमोरच आणून बसवलं.

आबाजी आले. घोंगडीवर टेकले. हातात रसाचा पेला दिला गेला. पेला ओठांकडं नेता नेता म्हाताऱ्यानं पोरांकडं बघितलं. "ही शाळा व्हय? आन् हितं कशी?"

मोहनराव घाईनं म्हणाले, "पोरांना रसाची आवड—"

"पाव्हनं," प्रयागबाई मधेच म्हणाली, "पोरालाच इचारा की."

आबाजींनी समोरच्या जरिनाला विचारलं. ती उभी राहिली, हाताची घडी घातली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आमच्या शाळंत मालकांचा गूळ बसलाय. म्हनून आमी हितं बसतो."

गडी हातातलं काम सोडून बघायला लागले. चरकाचे बैल तेवढे फिरत होते. आबाजींनी पेला न पिता खाली ठेवला. भरला पेला, गुऱ्हाळावर, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यानं! मोहनरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मोहनराव," म्हातारा म्हणाला, "पोरं त्यांच्या जागी बसू देत. मग घेतो मी रस."

मोहनरावांनी गड्यांना हाक मारली. प्रयागबाई पदर खोचून वाटेत उभी राहिली. "गडी न्हाईत. त्या भिताडांचा चिखल आमी बायांनी डोक्यावर वाह्यलाय. ढेपा तुमी काढा. डोक्यावरनं."

मोहनरावांनी आबाजींकडं बघितलं. आबाजी आकाशाकडं बघत होते. मग पांढरंशुभ्र धोतर नेसलेला तो माणूस खोलीकडं गेला आणि एकेक ढेप डोक्यावर घेऊन बाहेर काढू लागला. सगळी वाडी बघायला लोटली. फेट्याला चिकटा लागला, मुंग्या कानात शिरल्या, मिशीवरनं घाम गळायला लागला. प्रयागबाई दारात उभी राहून शेवटच्या ढेपेपर्यंत हलली नाही. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी व्हशील तितं उभी राहून." ती म्हणाली, "व्हईन की!"

संक्रांतीनंतर साहेब आले, खोली बघितली, पोरं बघितली आणि शाळा राहिली म्हणून सही करून गेले. आबाजींनी त्या दिवशी रस घेतला होता, पण जाताना एक मेख मारून ठेवली होती. नातू इंदापुरात इंग्रजी शाळेत शिकत होता. "नातसुनेला पत्र वाचता आलं पायजे. पोरीला चौथीइतकं येऊ द्या, मग मी परत येतो."

तेरा-चौदाची पोरगी पोरांच्या शाळेत कोण धाडणार? आणि लिहितावाचता येणारी पोरगी वाडीत एकच, सिंधू. मोहनरावांचा गडी प्रयागबाईकडं आला, सिंधूला वाड्यावर शिकवायला धाडा म्हणाला. प्रयागबाई म्हणाली, "मालकाला म्हनावं, सोता ये."

आणि एका संध्याकाळी मोहनराव स्वतः आले. मागं तानू, खाली मान घालून. प्रयागबाई ओट्यावर घेवडा निवडत होती. उठली नाही, बस म्हणाली नाही. या घटकेची तिनं किती वाट बघितली होती! काय काय बोलायचं ते सगळं मनात रचून ठेवलं होतं. मोहनराव खाकरले. "प्रयागबाई... पोरीचं एवढं बघा."

"बघू बघू," ती म्हणाली. "बिनशिकल्याली पोरगी चालंल अशी सोयरीक बघा की दुसरी. न्हायतर ऱ्हाऊ द्या पोरीला उसात, पाचट काढाया."

तानूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ती खाली बसली आणि अंगणातल्या मातीत बोटानं काहीतरी ओढू लागली. प्रयागबाईला अक्षर येत नव्हतं, पण ते अक्षर आहे एवढं तिला कळलं.

"ह्ये काय गं?"

"माझं नाव," तानू पुटपुटली.

"कुनी शिकवलं तुला?"

 घरातून सिंधू पुढं आली. "म्या शिकवलं. गुऱ्हाळावर, गंजीमागं. तुला सांगितलं असतं तर तू मारलं असतंस."

प्रयागबाईचा हात वर गेला. अख्खा हिवाळा ती ज्याची जिरवत होती, त्याच्याच पोरीला तिची पोरगी गंजीमागं शिकवत होती! हात वरच राहिला. सिंधू मागं सरली नाही. तानूही जागची उठली नाही, मातीतलं नाव दोन्ही हातांनी झाकून तशीच बसली.

प्रयागबाईनं वाकून तानूचं मनगट धरलं, तिला उठवलं आणि घरात घेतलं. मोहनराव पुढं सरकले. प्रयागबाईनं त्यांच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली. "दिवेलागणीला न्यायला या," ती आतनं ओरडली, "आन् दारात उभं ऱ्हायचं! आत पाय टाकायचा न्हाय."

तिचा राग काही उतरला नव्हता. पोरी एकमेकींकडं बघून तोंड दाबून हसत होत्या.

"खिदळताय काय?" ती खेकसली. "वाचा!"