अकरा महिन्यांचं गाणं

आमचा बँड रॉक बँड होता, हे आधीच सांगून टाकतो. ग्वाल्हेरात बँड म्हटलं की लोकांना वरात आठवते आणि ते लगेच लग्नाची तारीख सांगायला लागतात. आम्ही चौघं होतो. गिटारवाला बँकेत, बेसवाला वीज कंपनीत, ड्रमवर मी आणि गायक आमचा फिजिक्सचा मास्तर. माझं शहरातल्या लष्कर भागात चष्म्याचं दुकान आहे. चौघांचीही चाळिशी केव्हाच उलटली होती आणि चौघांचेही नंबर मला तोंडपाठ होते.

मास्तर वर्षानुवर्षं दुसऱ्यांची गाणी गात आला होता. लग्नांत, मंडळात, शाळेच्या संमेलनात, कुणी बोलावलं की हा पोचलाच. मग कधीतरी त्यानं स्वतःचं एक गाणं केलं, आपल्या इथल्या मराठीत, जी निम्मी हिंदीतून चालते आणि जी ऐकून पुण्याच्या आमच्या वहिन्या तोंडाला पदर लावतात. त्या गाण्यात एक अडचण होती. दुसऱ्या अंतऱ्याच्या आधी मास्तर थांबायचा, आवंढा गिळायचा, चष्मा वर सरकवायचा आणि मगच सुरू करायचा. दरवेळी उशीर. तोवर मी काड्यांची थरथर लांबवत बसायचो. ड्रमवाले त्याला रोल म्हणतात, मी त्याला प्रतीक्षालय म्हणायचो. मी पुष्कळ ओरडून पाहिलं. तो शांतपणे म्हणायचा, "तू थांबतोस ना, म्हणून मी येतो."

गाणं रेकॉर्ड करणारा मिळाला जयेंद्रगंजमध्ये. त्याच्या मेहुण्याच्या टाइल्स-नळांच्या दुकानावर एक खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, दारावर पाटी. स्वतंत्र म्युझिक लेबल. स्वतंत्र म्हणजे कुणापासून, असं मी विचारलं, तर म्हणाला, मुंबईपासून. माणूस आपलाच. त्याचे पूर्वज आणि गिटारवाल्याचे पूर्वज एकाच पलटणीतून दक्षिणेतून इकडे आलेले, त्याची बायको आणि मास्तरची बायको एकाच भिशीत. आमच्या समाजात नात्याबाहेरचा शत्रू मिळणं फार कठीण आहे.

करार करायला गेलो ते समाजातल्या सगळ्यांच्याच वकीलकाकांकडे. आमच्या वाटण्या, आमची भाडी, आमचे घटस्फोट, सगळं त्यांच्याच टेबलावरून गेलेलं. कागद त्यांनी एका दुपारीत तयार केला. सह्या टाइल्सच्या काउंटरवर झाल्या. वाचला कुणीच नाही. तिथल्या प्रत्येकाच्या नाकावर माझ्या दुकानातला चष्मा होता, हे मी आजही मोठ्या अभिमानानं सांगतो.

गाणं बाहेर यायला महिने लागले. आलं त्या दिवशी मास्तर दुकानात आला आणि फ्रेमांच्या ट्रेमध्ये त्यानं फोन ठेवला. आमचंच गाणं वाजत होतं. आवाज भलत्याचाच होता, पुण्याचा कुणी तरुण गायक, अगदी धुतलेला, इस्त्री केलेला. पहिला अंतरा संपला आणि श्वास घ्यायच्या आत दुसरा सुरू झाला. मास्तर आवाजाबद्दल काहीच बोलला नाही. त्यानं विचारलं, "तुझा रोल कुठं गेला?"

मी जयेंद्रगंजला गेलो. लेबलवाल्यानं चहा मागवला, समोसाही मागवला. आपली मराठी पुण्यात कुणाला पचत नाही, त्यानं मला समजावलं. "आणि ती मध्ये जी गडबड होती ना, ती पण साफ करून टाकली यार." गाण्याचे सगळे हक्क करारानं त्याच्याकडे होते म्हणे. कुठं लिहिलंय, मी विचारलं. असेल ना त्यात, तो म्हणाला.

मग नोटिसा सुरू झाल्या. कंपू मोहल्ल्यात राहणाऱ्या मास्तरला रजिस्टर्ड पोस्टानं नोटीस यायची आणि संध्याकाळी लेबलवाल्याचा फोन यायचा, मिळाली का, मनावर घेऊ नको, वहिनींना नमस्कार सांग. आमच्याकडून उत्तर जायचं. दोन्ही बाजूंचे कागद वकीलकाकांचा एकच मुन्शी टाइप करायचा. त्यात काकांना काहीच खटकत नव्हतं, दोघंही घरचेच, असं त्यांचं म्हणणं. मास्तरचं मागणं पहिल्या दिवसापासून एकच होतं, गाण्यात माझा आवाज परत घाला. पैसे नकोत, माफी नको. पण दर नोटिशीत नवी कलमं वर चढत गेली आणि ते एक वाक्य खाली खाली सरकत गेलं, शेवटी ते सहीच्या अगदी डोक्यावर येऊन बसलं.

वर्ष उलटलं. भांडणाचीही सवय होते, गुडघ्यासारखी. दुखतं, पण त्यावरूनच चालावं लागतं. मी शत्रूचा समोसा खाल्ला म्हणून गिटारवाला माझ्याशी बोलेनासा झाला. बेसवाल्यानं जबलपूरची बदली हसत हसत घेतली. माझे ड्रम गोदामात गेले आणि त्यांच्यावर लेन्सची खोकी चढली. बँड कधी संपला ते मला नक्की सांगता येणार नाही. आम्ही तेव्हा बँडच्या हक्कांसाठी लढत होतो.

अखेर काकाही कंटाळले. त्यांनी दोन्ही पक्षांना एकाच वेळी बोलावलं आणि, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, मूळ करार काढून मोठ्यानं वाचला. उक्त गीत ग्यारह माह के लिए किराये पर दिया जाता है. काका पुढं वाचत गेले. गीत के मालिक की अनुमति के बिना किरायेदार कोई तोड़फोड़ या निर्माण नहीं करेगा. किरायेदार गीत में उपकिरायेदार नहीं रखेगा. रंग-पुताई किरायेदार के ज़िम्मे.

काकांनी घरभाड्याचा नेहमीचा किरायानामा घेतला होता आणि मकान होतं तिथं गीत लिहिलं होतं. मला इतकं हसू आलं की बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. परत आलो तेव्हा लेबलवाला पांढरा पडला होता. तोडफोड त्यानं केली होती, पोटभाडेकरू पुण्याहून आणून ठेवला होता आणि अकरा महिने केव्हाच संपले होते. काका जराही ओशाळले नाहीत. "कागद पक्का आहे," ते म्हणाले. "ताबा दे."

मास्तर खुर्चीत पुढं सरकला. "मला माझा आवाज पाहिजे."

"आवाज नाही राहिला रे," लेबलवाला म्हणाला. "डिस्क भरली होती. तुझ्या जागेवर त्याचा भरला." वाद्यांचं मूळ रेकॉर्डिंग तेवढं जसंच्या तसं ठेवलं होतं, पुन्हा लागेल म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यानं पुण्याचं गाणं सगळीकडून उतरवलं आणि त्या वाद्यांचा पेन ड्राईव्ह आणून दिला. काकांनी पावती लिहिली, मालिक को ख़ाली कब्ज़ा प्राप्त हुआ. खरंच रिकामं घर होतं ते, आत कुणी नाही.

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात मास्तरनं नाव दिलं. गिटारवाला आला नाही. गोदामातून ड्रम काढायची माझीही ताकद नव्हती. म्हणून मास्तर पेन ड्राईव्ह घेऊन एकटाच स्टेजवर चढला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा आमचं गाणं प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकलं. लेबलवाला माझ्या पुढच्याच ओळीत होता, सहकुटुंब.

मास्तरचा आवाज थकला होता. वरच्या सुराला तो पोचला नाही आणि पोचायची धडपडही त्यानं केली नाही. पहिला अंतरा संपला. मग माझा रोल सुरू झाला, दोन वर्षांपूर्वीचा, अख्खा. मास्तरनं माइक बाजूला केला, आवंढा गिळला, चष्मा वर सरकवला. माझ्या शेजारच्या काकू कुजबुजल्या, "अटकले वाटतं बिचारे."

"येतील," मी म्हणालो.

रोल चालू होता. गादीच्या भिंतींच्या त्या खोलीत मी त्याच्या चष्म्याकडं बघत वाजवला होता, अगदी तेवढाच लांब. तो संपला तिथं मास्तर आला. लेबलवाल्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

खिरापतीच्या रांगेत तो मास्तरला गाठून म्हणाला, म्हणजे ती गडबड नव्हती तर.

"गडबडच होती," मास्तर म्हणाला. "माझी होती." आणि द्रोण सांभाळत चपला शोधायला गेला.