दत्ताचे पिवळे शॉकअप

“मामा, सगळ्यात कडक खाचेवर टाका. बिलकुल हलला न्हाई पाहिजे.”

“हलायचंच नसेल तर शॉकअप कशाला टाकू? दोन सळया वेल्डिंग करून देतो. जन्मात हलणार न्हाई,” मी म्हणालो.

दत्ता हसला नाही. मोबाइलवरून मागवलेलं खोकं त्यानं माझ्या पुढ्यात फोडलं. आत पिवळ्या स्प्रिंगचे, गॅसची नळी लावलेले दोन शॉकअप. दिसायला नवरदेवासारखे. त्याच्या शंभर सीसीच्या गाडीला काडीचाही उपयोग नाही. हे मी त्याला तिथंच सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. एवढ्या वर्षांत गिऱ्हाईकानं ऐकलं असं झालेलंच नाही.

वाटूरला माझं गॅरेज आहे. शाळा सातवीपर्यंत, तीही अर्धी. घरची जाऊन दोन वर्षं झाली. घरात बसून भिंतीशी काय बोलायचं, म्हणून या वयातही सकाळी शटर उघडतो. लोक म्हणतात म्हातारा चिडका आहे. आहेच.

दत्ता आमच्याच बाजूच्या खेड्यातला शेतकरी, पन्नाशीचा. त्याच्या बायकोच्या, मालनच्या, किडन्या गेलेल्या. आठवड्यातून दोनदा जालन्याला डायलिसिस, म्हणजे मशीनवर रक्त धुऊन घ्यायचं. एसटीत जागा मिळाली तर मिळाली. येताना तिला दोन मिनिटं उभं राहवत नाही. जीपवाले शेळ्या कोंबल्यासारखे माणसं कोंबतात. म्हणून मोटारसायकल. गावापासून डांबरी सडकेपर्यंत चार किलोमीटर नुसते खड्डे, आणि पुढं प्रत्येक गावाला गतिरोधक.

“ती म्हणून राह्यली, आता मला नेऊ नका,” दत्ता म्हणाला. “घरी मरते, पण त्या गाडीवर बसत न्हाई. डॉक्टर म्हणले, दोन-तीन खेपा चुकल्या की संपलं. म्हणून मंग भारीतले मागवले, मामा. जल्दी बसवा. शुक्रवारी जायचंय.”

पाना उचलला आणि बसवायला घेतले.

शॉकअप म्हणजे काय, ते सांगतो. स्प्रिंग दणका खाते. पण नुसती स्प्रिंग असली तर ती चेंडूसारखी उड्या मारत बसेल. आतलं तेल तिला धरून ठेवतं. दोघांचं जमलं तर बसणाऱ्याला कळत नाही खड्डा कधी गेला. स्प्रिंग वजनाप्रमाणे लागते. खाली पाच खाचा असतात. ओझं जास्त असेल तर वरच्या खाचेवर फिरवायचं, कमी असेल तर खालच्या. आमच्या भागात मात्र कडक म्हणजे चांगलं असा समज. दुधाच्या कॅनी, खताच्या गोण्या, सरकीच्या पेंडीची पोती, सगळं याच गाडीवर. काही जण तर स्प्रिंगच्या वेढ्यात टायरचे तुकडे ठोकून घेतात. पोतं तक्रार करत नाही, म्हणून चालून जातं.

पिवळ्या शॉकअपचं भोक मोठं निघालं. ते भरायला आत बुशची नळी कापून बसवली. लांबीही जास्त होती, त्यामुळं सीट बोटभर उंच झाली. मग ट्रायल. दत्ता पुढं, मी मागं डबलसीट. परतूर रोडला जाऊन आलो. गाडी बराबर चालली. मी मान हलवली. तो खूश, मीही खूश.

शनिवारी सकाळी दत्ता परत दारात.

“मामा, दणका वाढला. मालन अर्ध्या रस्त्यात उतरली आन् माघारी फिरली. कालची खेप बुडाली.”

मी कपाळाला हात लावला. चूक माझी होती. दत्ता असेल पंच्याऐंशी किलो, मी सत्तर. आम्ही दोघं बसल्यावर ती स्प्रिंग दबणारच. मालनबाई भरली तर चाळीस किलो भरेल. तिच्या वजनाला ती स्प्रिंग दबतच नव्हती. उलट तिला वर फेकत होती. नवशिक्यानंही ही चूक करू नये.

“जुने शॉकअप कुठंयत?” मी विचारलं.

“भंगारात दिले.”

“कधी?”

“त्याच दिवशी. नवे आल्यावर जुने कशाला ठेवायचे?”

“अरे, बायको आजारी आहे तुझी! जरा दम धरायचा ना!”

“मंग आता काय करू, ते सांगा. शिव्या नंतर द्या.”

“तिला घेऊन ये. इथं. आत्ता.”

“तिला काय कळतं शॉकअपमधलं?”

“तुला कळतं म्हणून हे झालं. जा.”

तासाभरानं ते दोघं आले. बाई एका बाजूला पाय सोडून, पदर दातात धरून बसलेली. खाली उतरायला तिला दत्ताचा खांदा धरावा लागला. मी स्टूल दिलं, पाणी दिलं.

“कुठं दणका बसतो, बाई?”

“कंबरेत,” दत्ता म्हणाला.

“पुढचं चाक खड्ड्यात गेल्यावर का मागचं?”

“मागचं,” दत्ताच.

“झोपतानाही दुखतं का?”

“न्हाई, तसं न्हाई दुखत तिला.”

मी हातातला पाना फरशीवर आपटला. “दत्ता, तू चहा सांगून ये. न्हाईतर तोंडात बोळा घाल. तू बोल, माय.”

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “मामा, कंबर न्हाई दुखत. मला पडायची भीती वाटती.”

दत्ता तिथंच टायरवर टेकला.

तिनं डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर दोरखंडासारखी नस फुगलेली. डायलिसिसची सुई तिथंच टोचतात. त्या हातावर जोर द्यायचा नाही, काही उचलायचं नाही, असं दवाखान्यात बजावलेलं. आणि एका बाजूला बसलं की मागची दांडी धरायला तोच हात येतो. गतिरोधक आला की फुगलेल्या नसेनं दांडी आवळायची. नाही आवळली तर खाली. उजव्या हातानं नवऱ्याचा शर्ट धरायचा, त्याला काय आधार?

“आन् नवे बसवल्यापासून तर हे सुसाट चालवून राह्यले,” ती म्हणाली. “म्हणतात, आता भारीतले आहेत, काही होत न्हाई.”

“हे तू मला का न्हाई सांगितलंस?” दत्ता म्हणाला.

“तुम्ही पुढं बघत होता.”

दत्ता उठून खरंच चहा सांगायला गेला.

माझी घरची माझ्यामागं तीसेक वर्षं अशीच बसली. बाजाराला, लग्नाला, माहेराला, शेवटी दवाखान्यात. गाडी मीच नीट करायचो, मीच चालवायचो, आणि भारी चालते असं मीच सांगायचो. ती एका शब्दानं बोलली नाही. मीही विचारलं नाही. आता विचारून कोण सांगणार? मालनबाई बोलत होती तेव्हा मी उगाच साखळीला तेल घालत बसलो होतो.

चहा झाल्यावर मी म्हणालो, “माय, दोन्हीकडं पाय टाकून बसलीस तर दोन्ही हातांनी नवऱ्याला कवळ घालता येईल. नसेवर जोर येणार न्हाई. वजनही मधोमध पडेल. पण साडीत कसं बसणार?”

“गावात कसं दिसंल ते,” दत्ता पुटपुटला.

“सासूची लुगडी आहेत पेटीत,” मालनबाई म्हणाली. “नऊवारी. काष्टा घालून शेतात सगळं केलंय मी. गाडीवर का न्हाई बसता येणार?”

“लोक हसतील.”

“हसणाऱ्यांनी मला उचलून न्यावं जालन्याला. मंगळवारी न्या म्हणावं त्यांना.”

मी कामाला लागलो.

पिवळे शॉकअप काढले. त्याच मॉडेलच्या एका जुन्या गाडीचे चांगले शॉकअप माझ्याकडं पडून होते, ते बसवले आणि दुसऱ्या खाचेवर ठेवले. समोरच्या दांड्यांतलं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, तेल काढलं तर काळं पाणी निघालं. म्हणजे हा माणूस मागं भारीतला माल लावत होता आणि पुढं तेलच नव्हतं. तेल आणि सील नवे टाकले. चाकांत हवा पार ठासून भरलेली, ती कमी केली. मागचं उजवं फूटरेस्ट गंजून गाडीलाच चिकटलं होतं. गाडी घेतल्यापासून त्या बाजूला कोणी पायच ठेवला नव्हता; ट्रायलला माझाही पाय लोंबकळतच होता, तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. हातोड्यानं सोडवलं, रबर चढवलं.

मंगळवारी सकाळी गाडी गॅरेजपुढून गेली. हिरवं लुगडं, काष्टा, दोन्ही हातांनी नवऱ्याला घट्ट धरलेलं. हॉटेलवरचे दोघं-चौघं बघून हसलेच. दत्ता कानकोंडा झाला होता. ती नव्हती. येताना थांबले. तिचा चेहरा मशीनवरून आल्यावर असतो तसाच पांढरा होता, पण गाडीवरून आपली आपण उतरली.

“कसं काय, माय?”

“खड्डे आहेत तेवढेच आहेत,” ती म्हणाली. “पण येणं-जाणं करता येईल. शुक्रवारी जाते.”

त्यानंतर तिची खेप चुकलेली नाही. दत्ता गतिरोधकाला गाडी हळू करतो. नाही केली तर ती मागून चिमटा काढते, असं तोच सांगत होता.

आता कोणी मागचे शॉकअप बदलायला आलं की मी पाना उचलत नाही. मागं जे बसतं ते माणूस आधी आण, म्हणतो. गिऱ्हाईक वैतागतं, दुसऱ्या गॅरेजला जातं. जाऊ दे. पुढं बसणाऱ्याचं काय, त्याला धरायला हँडल असतं.