विमानाची फळी जमीन धरायची का?

सोलापूर स्टेशनातून गाडी हलली तेव्हा माझ्या गळ्यात इतके हार होते की मला खिडकीतून मान बाहेर काढता येईना. चाटी गल्लीतल्या आम्हा चादरवाल्यांपैकी आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं. मी बसणार म्हणून सगळी पेठ आठवडाभर हवेत होती, आणि सगळ्यांत जास्त मीच होतो. खरी यात्रा होती माझ्या गंगव्वाआत्याची. ती समोरच्या बाकावर अंग चोरून बसली होती. तिच्या गळ्यात एकच झेंडूचा हार होता आणि तोही तिनं काढून कळशाला घातला होता.

या कळशाबद्दल आधी सांगायला हवं. आत्याच्या मुलीला, नीलव्वाला, मुलं होत होती पण जगत नव्हती. शेवटच्या खेपेला आत्यानं नवस बोलला की बाळ वर्षाचं झालं तर सिद्धेश्वराच्या तळ्यातलं पाणी केदारनाथाच्या पिंडीवर नेऊन घालीन, आणि सबंध वाटेत कळश भुईला टेकू देणार नाही. बाळ वर्षाचं झालं, चांगलं गुटगुटीत झालं. मग तांब्याचा कळश भरला, तोंडाला फडकं बांधून वर लाखेचा थर दिला आणि तो सुताच्या शिंक्यात ठेवला. असा कळश न्यायचा तो घरच्या पुरुषानं, अशी आमच्याकडची रीत. आत्याचे यजमान केव्हाच गेलेले, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मला घरच्यांनी धाडलं होतं ते एवढ्याचसाठी.

हरद्वारपर्यंत आगगाडी ठरलेलीच होती. पुढे वाटा दोन होत्या. एक म्हणजे त्याच गाडीच्या रस्त्यानं ऋषिकेशला उतरायचं आणि तिथून डोंगर चढत पायी जायचं. दुसरी नवी होती. हरद्वारजवळच्या मैदानातून एक लहान विमान यात्रेकरूंना उचलतं आणि थेट डोंगरात गौचरला नेऊन सोडतं, असं मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. ते वाचल्यापासून माझं दुकानात लक्ष नव्हतं. पण आत्याची सोबत सोडून मी उडणार कसा? तेव्हा मी कळश पुढे केला. म्हटलं, पायी वाटेवर ठेच लागेल, हात घसरेल, कुणाचा धक्का लागेल. विमानात कळश सुखरूप जाईल. हे मी इतक्यांदा बोललो की मला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं.

कळश विमानात पायाखालच्या फळीवर ठेवावा लागला तर काय, यावरून पेठेत वाद पेटला. विमानाची फळी जमीन धरायची का? शेजारचे दुकानदार बाबूराव म्हणाले, "इमान हवेत असतंय, मग त्याची फळी जमीन कशी व्हईल? हवाच की ती." दुसरा म्हणाला, "पर सुटायच्या आधी ते भुईवरच हुबं असतंय न्हवं?" शेवटी आमच्या जंगमांनी (लिंगायतांचे पुरोहित) निकाल दिला की कळश मांडीवर घेऊन बसावं, म्हणजे फळीचा प्रश्नच येणार नाही. आत्याला मी हा निकाल मोठ्या उत्साहानं सांगितला. ती भाकरी थापत होती. "तू जा की त्यातनं," ती म्हणाली. "मी पायीच येते. उडून गेले तर त्यो देव वळकंल काय मला?"

दौंड आणि मनमाडला गाड्या बदलून आम्ही दिल्लीच्या रस्त्याला लागलो. ज्येष्ठातला उन्हाळा होता आणि डब्याचे गज हाताला चटके देत होते. शिंकं वरच्या फळीच्या साखळीला टांगलं होतं आणि गाडीबरोबर डुलत होतं. आत्या झोपेतून जागी झाली की आधी वर बघायची, मग पाणी मागायची. झाशीच्या पुढे चढलेल्या एका फेटेवाल्यानं विचारलं, "माई, इसमें घी है क्या?" आत्याला हिंदी येत नव्हती. ती म्हणाली, "व्हय, नातू हाय." तो फेटेवाला आत अस्थी आहेत असं समजून जरा लांब सरकला. दिल्लीपर्यंत आम्ही दोघं त्यावर हसत होतो. या प्रवासात आम्ही मिळून हसलो ते तेवढंच.

हरद्वारला गंगेचं पाणी इतकं गार की सोलापूरच्या माणसाला ते पाणी वाटतच नाही. घाटावर कानडी बोलणं कानावर आलं आणि आत्या तिकडे वळली. अफजलपूरकडची शेतकरी मंडळी पायी केदारला निघाली होती. त्यांच्यात शिवप्पा म्हणून एक उंच, कमी बोलणारे गृहस्थ होते. आत्याची त्यांच्याशी लगेच गट्टी जमली. आत्यानं त्यांच्याबरोबर ऋषिकेशची गाडी धरायची, मी कळश घेऊन उडायचं, आणि रुद्रप्रयागला सगळ्यांनी भेटायचं असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी आत्या मला पोचवायला मैदानावर आली. विमान माझ्या कल्पनेपेक्षा फारच लहान होतं. त्याच्या शेजारी एक तराजू होता, आमच्याकडे सुताचे गठ्ठे चढवतात अगदी तसला. मी गंमत म्हणून आत्याला तो दाखवला. मग कळलं की त्यावर आम्हालाच चढायचं आहे. मी चढलो, एका हातात शिंकं आणि दुसऱ्या हातात माझी पिशवी. पिशवीत कडक भाकरीची चवड, शेंगाची चटणी, घोंगडी आणि नवी लोकरीची बंडी होती.

टोपीवाल्या माणसानं काटा बघितला आणि मान हलवली. "वजन ज़्यादा है, सेठजी. या थैला छोड़िए, या घड़ा. नहीं तो कल देखेंगे."

मी पिशवीकडे बघितलं. पुढे किती दिवस वाट बघत राहावं लागेल, काय खायला मिळेल, थंडी केवढी असेल, हे सगळं डोक्यात आलं. विमानाचा पंखा फिरू लागला होता. मागचा प्रवासी घाई करत होता. आज राहिलो तर उद्या जागा मिळेलच असं नाही, हेही डोक्यात आलं. कळश खाली ठेवता येत नव्हता, एवढं मात्र माझ्या लक्षात होतं. म्हणून मी तो आत्यापुढे धरला आणि म्हटलं, "धर जरा."

तिनं दोन्ही हातांनी घेतला. मी काट्यावरून उतरलो, तो थेट विमानात जाऊन बसलो.

विमान सुटलं. कानात कापूस घातला होता तरी डोकं दणाणत होतं. खाली गंगा चादरीच्या किनारीसारखी निळी, बारीक दिसत होती. डोंगराच्या कडेनं एक पुसट रेघ वळत वर जात होती. शेजारच्या माणसानं बोट दाखवून ओरडून सांगितलं की तीच पायी वाट. ज्या दर्शनासाठी मी इतके दिवस झुरलो होतो ते खिडकीत पसरलं होतं आणि माझ्याच्यानं तिकडे बघवेना. मला सारखे आत्याचे पुढे आलेले दोन हात दिसत होते. कळशासाठी उडतो म्हणून सांगितलं होतं, आणि कळश तर खालीच राहिला. मला माझी शरम वाटली. अर्ध्या तासात आम्ही गौचरच्या गवतावर उतरलो तेव्हा पिशवी मांडीवर होती. मी ती घट्ट धरून बसलो होतो.

आणखी एक फजिती म्हणजे गौचर आमच्या वाटेच्या पुढे निघालं. मला दिवसभर उलटं चालून रुद्रप्रयागला यावं लागलं. तिथे एका चट्टीत (यात्रेकरूंच्या मुक्कामाची जागा) मी आत्याची वाट बघत राहिलो. चट्टीवाला उडदाची डाळ आणि जाड रोट्या करायचा. संगमाचा आवाज रात्रंदिवस चालू असे. खालून येणारे यात्रेकरू पाय शेकत बसत आणि मला विचारत, "आपके पैर तो अच्छे हैं, आप कैसे आए?" पहिल्या दिवशी मी ऐटीत सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून म्हणू लागलो की पुढं जाऊन आलोय.

आठवडा उलटून गेला आणि एका दुपारी पुलावर कानडी भजन ऐकू आलं. मी धावत गेलो. आत्याच्या हातात कळश नव्हता. मग मागून शिवप्पा आले. शिंकं त्यांच्या काठीला होतं आणि काठी खांद्यावर होती. त्यांनी थांबून मागच्या माणसाला म्हटलं, "तगो अप्पा" (घे बाबा), आणि काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर गेली. ऋषिकेशपासून ते असेच आले होते. मुक्कामाला कळश झाडाच्या फांदीला टांगायचा, आणि झाड नसेल तिथे आळीपाळीनं कुणीतरी धरून बसायचं. त्या मंडळींचा आमच्या नीलव्वाशी काही संबंध नव्हता. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं.

आत्याच्या उजव्या खांद्यावर काठीनं काळा-निळा वळ उठला होता. म्हणजे पहिले काही दिवस तिनं कुणाला दिलाच नसणार. मी हात पुढे केले. "आत्या, आता दे माझ्याकडं."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुजं वजन जास्त झालंय म्हनला की त्यो सायेब." मंडळींना मराठी फारशी कळत नव्हती, तरी सगळे हसले.

मी पिशवी सोडली. भाकरी आणि चटणी सगळ्यांपुढे ठेवली. इतके दिवस मला ती घशाखाली उतरली नव्हती. मंडळी खूश झाली. "शेंगा चटणी!" म्हणत शिवप्पांनी मला पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मी इतका ओशाळलो की शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

पुढे मंदाकिनीच्या काठानं वाट चढत गेली. अगस्त्यमुनी, गुप्तकाशी, मग गौरीकुंडाचं वाफाळतं पाणी. मी सगळ्यांच्या मागून चालत होतो. रोज सकाळी कळश मागायचो आणि रोज तो दुसऱ्याच खांद्यावर चढायचा. शेवटच्या चढावर झाडं संपली. बर्फाचे पांढरे पट्टे वाटेत आले आणि दोन पावलांत धाप लागू लागली. शिवप्पा खोकत खोकत थांबले. काठी त्यांच्या खांद्यावर थरथरत होती. मी पुढे होऊन दोन्ही हातांनी शिंकं धरलं. त्यांनी आत्याकडे बघितलं.

"नको," आत्या म्हणाली. तिनं स्वतः येऊन शिंकं घेतलं.

मला राहवलं नाही. "आत्या, किती दिवस शिक्षा करणार आहेस?"

"शिक्षा न्हाय रं मल्लू." तिला बोलताना धाप लागत होती. "माझं असतं तर कवाच दिलं असतं तुला. पर लेकराचं हाय त्ये. तू एकदा सोडलास. मला भ्या वाटतंय."

तिनं कळश छातीशी धरला आणि दहा-दहा पावलांनी थांबत ती वर गेली. मी तिच्या मागे दोन्ही हात पुढे करून चाललो, पडली तर धरता येईल म्हणून. देवळात लाख फोडली, सगळ्या मंडळींनी कळशाला हात लावला आणि पिंडीवर आमच्या तळ्याचं पाणी पडलं. आत्या हमसून हमसून रडत होती. मीही मागून दोन बोटं लावली होती. ती लावावीत की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

परत निघताना आत्यानं कळशात मंदाकिनीचं पाणी भरून घेतलं आणि तो आपणहून माझ्याकडे दिला. "आता त्यात नवस न्हाय. घे." विमान मी पुन्हा बघितलंसुद्धा नाही. ऋषिकेशपर्यंत कळश खांद्यावर आणला. गाडीत साखळी रिकामी असूनही सोलापूरपर्यंत मांडीवरच ठेवला.

घरी अंगणात पाट मांडले होते. केदाराहून आलेल्याचे पाय धुवायचे आणि ते पाणी घरादारावर, लेकरांवर शिंपडायचं, ही आमची चाल. नीलव्वानं आधी आईचे पाय परातीत घेतले. टाचांच्या भेगा बघून तिला हुंदका आला. ते पाणी तिनं बाळाच्या डोक्याला लावलं. मग परात माझ्यापुढे आली. तेवढ्यात गर्दीतून बाबूरावांनी विचारलं, "मल्लिनाथ, आधी सांग. इमानात कळश मांडीवरच हुता न्हवं? फळीला टेकला न्हाय की?"

आत्या बाळाकडे बघत होती. तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि सांगणारही नव्हती, हे मला त्या क्षणी कळलं. मांडीवरच होता, एवढं म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं.

"कळश विमानात आलाच नाही," मी म्हणालो. "वजन जास्त झालं. मी भाकरीची पिशवी ठेवली आणि कळश आत्याच्या हातात दिला. तिनं आणि परक्या माणसांनी तो चालत नेला."

कुणीतरी खोकलं. बाबूराव टोपी काढून डोकं खाजवू लागले. मी पाय मागे घेतले.

"पाय द्या अण्णा," नीलव्वा म्हणाली. तिनं माझ्याकडे वर बघितलं नाही. तिनं माझे पाय नीट धुतले, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. मीही पुष्कळ चाललो होतो, त्यामुळे पाणी आत्याच्या पायांइतकंच गढूळ निघालं. धुऊन झाल्यावर तिनं परातीत बोटं बुडवली आणि बाळाकडे वळली. वळता वळता थांबली. मग पदराला बोटं पुसली, परात उचलली आणि आत जाऊन ते पाणी मोरीत ओतून आली.

मी ओल्या पायांनी पाटावर तसाच बसून राहिलो. पंचा समोरच्या दांडीवर होता, पण कुणाकडे तो मागायची मला लाज वाटत होती.